दार आपटल्याचा आवाज कापू नका

चित्रपटांतले छोटे छोटे तुकडे दाखवून इंग्रजी शब्द शिकवणाऱ्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकीच कुणीतरी मला 'व्हॉटएव्हर' हा शब्द शिकवला. सोफ्यावर बसलेली एक मुलगी, समोर तिची आई. आईने काहीतरी विचारलेलं असतं, मुलगी खांदे उडवते आणि म्हणते, 'व्हॉटएव्हर.' तुकडा तिथेच थांबला आणि पडद्यावर पिवळ्या अक्षरांत अर्थ आला: 'काहीही चालेल'. मी तो वहीत उतरवून घेतला. छोटा शब्द, उच्चारायला सोपा, कुठेही खपून जाईल असा.

तो वापरायची वेळ दोनच आठवड्यांत आली. कामाच्या एका ऑनलाइन मीटिंगमध्ये दुसऱ्या देशातल्या एका वरिष्ठ बाईंनी मला विचारलं, पुढची बैठक मंगळवारी ठेवायची की गुरुवारी? मला खरोखरच दोन्ही दिवस चालणार होते. मी हसून म्हणाले, 'व्हॉटएव्हर!' पलीकडे दोन सेकंद शांतता. मग 'ओके. थर्सडे, देन,' एवढंच, आणि तेही कोरड्या आवाजात. मीटिंग संपल्यावर एका सहकाऱ्याचा मेसेज आला, 'तू त्यांच्यावर चिडली आहेस का?'

बऱ्याच महिन्यांनी तोच प्रसंग तुमच्यापैकी दुसऱ्या कुणाच्या तरी व्हिडिओत पुन्हा दिसला. या वेळी तो पाच-सहा सेकंद लांब होता. 'व्हॉटएव्हर' म्हणून मुलगी उठते, आतल्या खोलीत जाते आणि धाडकन दार आपटते. आई डोळे मिटून घेते. म्हणजे ती मुलगी 'काहीही चालेल' असं म्हणतच नव्हती. 'बोल काय बोलायचंय ते, मला काय त्याचं!' असं म्हणत होती. सगळा अर्थ त्या दारात होता, आणि पहिल्या व्हिडिओत नेमकं दारच कापलेलं होतं.

त्या कापलेल्या पाच-सहा सेकंदांसाठी हा पत्रप्रपंच.

आधी तुमचं ऋण मान्य करते, नाहीतर ते राहून जाईल. मी इंग्रजी डोळ्यांनी शिकलेली. वाचता यायचं, लिहिता यायचं, व्याकरणात मार्कही बरे पडायचे. पण कुणी इंग्रजी बोलू लागलं की कानात नुसतं घोंगावायचं. एक शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, पत्ता नाही. कागदावर दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली असते, बोलताना ती कुणी सोडत नाही, ही साधी गोष्ट मला कुठल्याच वर्गात कुणी सांगितली नव्हती.

ती तुमच्या तुकड्यांनी दाखवली. 'वॉट आर यू डूइंग' हे चार शब्द पडद्यावरचा माणूस 'वॉचा डूइन' असे दोन घासांत संपवतो. 'डिड यू'चं 'डिजू' होतं. 'कुड हॅव'चं 'कुडव' होतं, घाईत असेल तर नुसतं 'कुडा'. मी वहीत उच्चार देवनागरीत लिहायचे आणि तिथेच माझी फसगत व्हायची. आपली लिपी बऱ्यापैकी प्रामाणिक आहे, लिहिलं ते बहुतेक सगळं उच्चारते. इंग्रजीत शब्दाच्या एका भागावर जोर पडतो आणि बाकीचे स्वर विरघळून जातात. वहीत 'कम्फर्टेबल' असं ऐसपैस लिहिलेला शब्द समोरून 'कम्फ्टबल' होऊन निघूनही जातो आणि आपण अजून त्याची वाट बघत उभे.

सगळ्यांत मोठा धडा मिळाला तो 'कॅन' आणि 'कॅन्ट'चा. अमेरिकन बोलण्यात 'आय कॅन डू इट'मधला 'कॅन' इतका आखडतो की 'आय क्न डू इट' एवढंच कानी पडतं. नकार असेल तेव्हा मात्र स्वर पूर्ण येतो, ठसठशीत 'कॅन', आणि शेवटचा 'ट' बहुतेक वेळा घशातच राहतो. म्हणजे ज्याला 'कॅन' स्वच्छ ऐकू आला त्याने 'नाही' समजायचं! मी कित्येक वर्षं बरोब्बर उलटं समजत आले होते. शब्दकोशात हे दोन्ही उच्चार दिलेले असतात, पण छापलेल्या खुणांनी कान तयार होत नाही. तुमच्यापैकी एकाने इमारतीच्या कडेला लोंबकळणारा माणूस दाखवला होता. तो ओरडतो, 'आय कॅन्ट होल्ड ऑन,' आणि पुढच्याच क्षणी त्याचा हात सुटतो. त्याचा 'ट' मला ऐकूच आला नव्हता. हात सुटला म्हणून कळलं.

त्या व्हिडिओत तुम्ही हात सुटेपर्यंत थांबला होतात, याबद्दल मनापासून आभार.

आणि एकट्या 'कम ऑन'चे अवतार तरी किती! पळताना मागे पडलेल्या मित्राला 'कम ऑन!' म्हणजे चल लवकर. रडणाऱ्या बहिणीच्या पाठीवर हात ठेवून हळूच 'कम ऑन' म्हणजे पुरे आता, शांत हो. थापा मारणाऱ्याला लांबवलेलं 'कमॉऽऽन' म्हणजे काहीतरीच काय! सुरू न होणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर मूठ आपटत 'कम ऑन, कम ऑन' म्हणजे चक्क गाडीला घातलेलं साकडं. आपण मराठीत 'अगं' आणि 'अरे' यांच्याकडून जशी वाट्टेल ती कामं करून घेतो, हाक मारतो, चकित होतो, दटावतो, समजूत काढतो, तसंच हे. शब्दकोश यातले अर्थ एक, दोन, तीन करून देतो. पडद्यावरचा चेहरा ते विसरू देत नाही.

पण गाडी सुरू होत नाहीये हे मला आधी दिसावं लागतं ना. बहीण रडते आहे हे आधी कळावं लागतं. तुमची कात्री शब्दाच्या अगदी कडेकडेने चालते. शब्द मध्यभागी, दोन्ही बाजूंना जेमतेम दीड-दीड सेकंद, की झाला तुकडा. मग उरतं काय, तर एक ओरडणारा माणूस आणि खाली मराठी अर्थ.

'पुल ओव्हर' घ्या. 'पुल' म्हणजे ओढणे, 'ओव्हर' म्हणजे वर किंवा पलीकडे. दोन्ही शब्द माहीत असून काही हाती लागत नाही. आता प्रसंग बघा. आरशात मागच्या गाडीचे लाल-निळे दिवे दिसतात, सायरन वाजतो, शेजारी बसलेली बाई घाबरून म्हणते 'पुल ओव्हर', आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबते. दिवे, शब्द, थांबलेली गाडी हे ओळीने बघणाऱ्याला भाषांतराची गरज पडत नाही, आणि स्वतः काढलेला अर्थ सहसा विसरायला होत नाही. तुमच्या व्हिडिओत मला बाईचा चेहरा आणि 'गाडी बाजूला घेणे' एवढं मिळालं. अर्थ अचूक आहे. पण उत्तर आधी हातात ठेवल्यावर कोडं कोण सोडवणार?

किंवा 'वी हॅव टू लेट यू गो'. मला हे 'सोडून देणे' या अर्थाने शिकवण्यात आलं. साहेब खुर्ची पुढे ओढतो, आवाज मऊ करतो आणि हे वाक्य म्हणतो. मला वाटलं, किती भला माणूस, आज लवकर घरी सोडतोय! पुढच्या दृश्यात तो कर्मचारी पुठ्ठ्याच्या खोक्यात आपलं सामान भरून बाहेर पडतो. तो खोका तुमच्या व्हिडिओत नव्हता. नोकरीवरून काढण्याला इंग्रजीत इतकं गोड बोलतात हे मला चित्रपट पूर्ण बघितल्यावर समजलं.

शब्दाच्या आधी दहा सेकंद आणि नंतर पाच, एवढीच मागणी आहे. दहा सेकंदांत माणसं कोण, चिडलेली की खेळीमेळीत, कुणाचं कुणाशी काय नातं, हे बहुतेक वेळा कळतं.

आता सबटायटलबद्दल. पहिल्याच फेरीला, माणसाचं तोंड उघडायच्या आत, तुम्ही खाली मराठी ओळ देता. डोळे बिचारे आळशी असतात, ते लगेच मराठीकडे धावतात आणि कान सुट्टीवर जातात. हा केवळ माझा अनुभव नाही. होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन या दोन संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. डच भाषिकांना त्यांनी ऑस्ट्रेलियन किंवा स्कॉटिश वळणाचं, कानाला सवय नसलेलं इंग्रजी असलेला सुमारे २५ मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. काहींना इंग्रजी सबटायटल होते, काहींना डच, काहींना कोणतेच नाहीत. नंतर त्याच वळणाच्या बोलण्याचे तुकडे ऐकवून जे ऐकलं ते म्हणायला लावलं. इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्यांचा कान सुधारलेला निघाला. डच सबटायटल वाचणारे मात्र, आधी न ऐकलेल्या नव्या वाक्यांच्या बाबतीत, सबटायटलशिवाय बघणाऱ्यांच्याही मागे पडले. आणि डच तर इंग्रजीची सख्खी शेजारीण, चुलत बहीणच म्हणा.

आपली वाक्यरचना तर पार उलटी. 'आय डोन्ट थिंक ही'ज कमिंग बॅक' हे वाक्य घ्या. यातला नकार कानावर दुसऱ्याच शब्दाला येऊन पडतो. खाली लिहिलेलं असतं, 'तो परत येईल असं मला वाटत नाही'. इथे नकार अगदी शेवटी. 'बॅक' ऐकू येतं तेव्हा डोळे 'नाही'वर, आणि 'डोन्ट' ऐकू येतं तेव्हा डोळे 'तो'वर. कोणत्या आवाजाला कोणता अर्थ चिकटवायचा, सांगा बरं! कान एकीकडून निघतो, डोळे दुसरीकडून, आणि दोघांची गाठ वाटेत कुठेतरी पडते. पडलीच तर.

शिवाय सबटायटल म्हणजे बोललेल्या प्रत्येक शब्दाचं भाषांतर नसतंच. वाचायला वेळ मिळावा म्हणून ते आखूड करावं लागतं. नेटफ्लिक्सच्या नियमावलीत इंग्रजी सबटायटलच्या एका ओळीत ४२ अक्षरचिन्हांची मर्यादा आहे आणि एका वेळी दोनच ओळी. एवढ्या जागेत भाषांतरकार जे गाळतो त्यात 'आय मीन', 'काइंड ऑफ', 'यू नो' ही लटांबळं सगळ्यांत आधी जातात. बोलायला शिकणाऱ्याला हवी असतात नेमकी तीच.

म्हणून पहिली फेरी कोरी असू द्या. खाली काही नको, नुसता प्रसंग. कळलं नाही तर नाही कळलं, जरा तगमग होऊ दे. दुसऱ्या फेरीला इंग्रजी ओळ. 'अरे, हा हे म्हणत होता होय!' हा जो क्षण असतो ना, त्या क्षणी कान शिकतो. मग खुशाल मराठीत समजावून सांगा. मराठी नकोच असं माझं अजिबात म्हणणं नाही. आपल्या भाषेत एका वाक्यात उलगडणारी गोष्ट इंग्रजीतून पाच वाक्यांत घोळवत बसणं हे मला ढोंग वाटतं.

फक्त ते मराठी धड असावं. 'ही गॉट अवे विथ इट' याचं 'तो त्याच्यासोबत दूर गेला' असं भाषांतर मी माझ्या डोळ्यांनी वाचलं आहे. चोर पैसे घेऊन पसार होतो, पुढे वर्षभर मजेत राहतो, पोलिसांना कधीच सापडत नाही, आणि खाली काय तर 'त्याच्यासोबत दूर गेला'. कुणासोबत? मराठीत याला चपखल शब्द आहे: पचवणं. चोरी केली आणि पचवली. 'यू वोन्ट गेट अवे विथ धिस' म्हणजे 'हे तुला पचणार नाही'. असं भाषांतर ऐकलं की इंग्रजी शब्द मनात आपोआप बसतो, कारण त्याला बसायला आधीच जागा असते.

यावरून भांडणाच्या मुद्द्यावर येते. तुम्ही शब्द निवडता तरी कसे? 'हे दहा शब्द वापरा, समोरचा थक्क होईल' अशा नावाखाली 'सेरेंडिपिटी', 'फ्लॅबरगास्टेड', 'कॅकॉफनी' अशी वरात निघते. समोरच्याला थक्क कशाला करायचं? मला त्याचं बोलणं कळायला हवं आहे. माझ्या वहीत 'फ्लॅबरगास्टेड' आहे, सुबक अक्षरात, खाली दोन रेघा मारलेला. तीन वर्षांत तो मला वहीबाहेर एकदाही भेटलेला नाही.

स्टुअर्ट वेब आणि मायकल रॉजर्स यांनी २००९ मध्ये ३१८ चित्रपटांच्या संहिता तपासून एक हिशोब मांडला. इंग्रजीतली सर्वाधिक वापरातली ३००० शब्दकुटुंबं माहीत असली, आणि माणसांची-गावांची नावं व 'ओह', 'हं' असले उद्गार जमेला धरले, तर चित्रपटांतले साधारण ९५ टक्के शब्द ओळखीचे निघतात. ९८ टक्क्यांच्या आसपास जायला ६००० कुटुंबं लागतात. शब्दकुटुंब म्हणजे एका शब्दाची सगळी पिलावळ. 'हेल्प', 'हेल्पिंग', 'हेल्पफुल', 'हेल्पलेस' हे सगळे मिळून एक घर. आता ९५ टक्के म्हणजे फार झाले असं वाटतं, पण त्याचा अर्थ वीस शब्दांमागे एक अनोळखी. पडद्यावरची माणसं वीस शब्द सात-आठ सेकंदांत बोलून मोकळी होतात, म्हणजे मिनिटाला सात-आठ ठेचा. तेवढ्या सोसून गोष्ट समजते, एवढंच.

तर आधी ती ३००० घरं नीट ओळखीची करून द्या. आणि 'ती तर सोपी आहेत' असं म्हणू नका. 'गेट' सोपा आहे? 'आय डोन्ट गेट इट' म्हणजे मला कळत नाही. 'गेट ओव्हर इट' म्हणजे झालं गेलं विसर आता. 'आय नेव्हर गॉट राउंड टू इट' म्हणजे करीन करीन म्हणत राहून गेलं. 'गेट आउट ऑफ हिअर' हे रागाने म्हटलं तर चालता हो, आणि डोळे विस्फारून म्हटलं तर 'काय सांगतेस!' हे सगळं एकट्या तीन अक्षरी 'गेट'वर. 'टेक', 'पुट', 'कीप', 'टर्न' अजून रांगेत उभे आहेत. फ्लॅबरगास्टेडला तोवर घरी बसू द्या.

कोणता शब्द आधी घ्यावा हे ठरवायला अंदाजाची गरजही नाही. मार्क ब्रिसबार्ट आणि बोरिस न्यू यांनी अमेरिकन चित्रपट आणि मालिकांच्या सबटायटलमधले ५ कोटी १० लाख शब्द मोजून, कोणता किती वेळा येतो याची यादी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. गंमत अशी की माणूस एखादा शब्द किती पटकन ओळखतो याचा अंदाज छापील मजकुरावर बेतलेल्या १९६७च्या प्रसिद्ध यादीपेक्षा या सबटायटलच्या यादीवरून चांगला बांधता आला. म्हणजे तुम्ही ज्या मालातून तुकडे कापता तोच माल मोजून ठेवलेला आहे. एकदा नजर टाका.

आता माझ्या वहीची लाज सांगते. एका रिकाम्या दुपारी मी ती उघडली आणि मराठी अर्थांची बाजू हाताने झाकली. इंग्रजी शब्द बघून बहुतेक सगळे अर्थ आठवले. खूश झाले. मग हात दुसऱ्या बाजूला ठेवला, इंग्रजी झाकलं आणि मराठीवरून शब्द आठवायला गेले. पानंच्या पानं कोरी. लग्नसमारंभात समोरून हसत येणारी बाई ओळखीची असते, कुठे भेटलो तेही आठवतं, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही, तशी त्या सगळ्या शब्दांशी माझी ओळख होती. हाक मारायची सोय नव्हती.

याचं कारण तुमच्या-माझ्या सवयीत आहे. एका मिनिटात आठ शब्द. सरकवलं की पुढचे आठ. प्रत्येक शब्द दिसतो तेव्हा 'हो, कळला' असं वाटतं आणि तिथेच संपतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमचे व्हिडिओ बघून झाल्यावर जे समाधान वाटतं ते पाच मिनिटांनंतरचं. आठवड्यानंतर काय होतं ते माझ्या वहीला विचारा.

उपाय तुमच्याच हातात आहे, आणि तो पाठ्यपुस्तक छापणाऱ्याच्या हातात कधीच नव्हता. आवाज बंद करा! प्रसंग चालू द्या, ओठ हलू द्यात, आणि चार सेकंद थांबा. काय म्हणाला असेल हा? मी आणि माझी भाची हा खेळ नेहमी खेळतो. आधी बघून झालेल्या प्रसंगावर मी आवाज बंद करते आणि ती वाक्य म्हणते. एकदा नवाच चित्रपट बघत होतो, कुठलाही खेळ चालू नव्हता, आरशात लाल-निळे दिवे दिसले आणि पडद्यावरच्या बाईने तोंड उघडायच्या आत भाची ओरडली, 'पुल ओव्हर!' शब्द पाठ झाला आहे हे मला कळलं ते तेव्हा, आणि तिला अर्थातच कळलं नाही, ती चित्रपट बघत होती.

त्यासाठी जुने शब्द पुन्हा पुन्हा पुढ्यात यायला हवेत. दुसऱ्या व्हिडिओतला शब्द सातव्यात येऊ द्या, मग विसाव्यात, गाजावाजा न करता. 'उजळणी' असा फलक लावू नका, लोक तो बघून पळतात. तोच शब्द फक्त वेगळ्या चित्रपटातून, वेगळ्या माणसाच्या तोंडी आणा. म्हाताऱ्याने म्हटलेला, लहान मुलाने म्हटलेला, कुजबुजलेला, फोनवरून खरखरत आलेला. हर्मन एबिंगहाऊसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरण्याचा मोठा हिस्सा सुरुवातीलाच उरकतो आणि पुढे त्याचा वेग मंदावतो. तेव्हा पहिली पुनर्भेट लवकर हवी, पुढच्या सावकाश चालतील.

चित्रपटातलं बोलणं हे कुणीतरी लिहिलेलं बोलणं असतं, हेही अधूनमधून सांगत जा. पावलो क्वाग्लिओ या अभ्यासकाने २००९च्या आपल्या पुस्तकात एका गाजलेल्या अमेरिकन विनोदी मालिकेतले संवाद आणि खरीखुरी संभाषणं ताडून पाहिली आहेत. बरंचसं जुळतं. पण मालिकेत भावना जास्त उफाळून येतात, आणि खऱ्या बोलण्यातलं चाचपडणं, 'तसं काहीतरी', 'म्हणजे कसं' अशी संदिग्धता कमी सापडते. पडद्यावर दोन मैत्रिणी एकमेकींना 'शट अप!' म्हणतात तेव्हा ते कौतुक असतं. हे ज्याने तुमच्या चार सेकंदांच्या तुकड्यातून उचललं आणि साहेबाने बढतीची बातमी दिल्यावर वापरलं, त्याचं काय होईल याची मला माझ्या 'व्हॉटएव्हर'वरून पूर्ण कल्पना आहे. व्हिडिओच्या कोपऱ्यात एक ओळ पुरे: कोण कुणाला म्हणतंय, आणि हे अनोळखी किंवा वरिष्ठ माणसाला म्हणावं की नाही.

किरकोळ बाबी दोन. सगळे तुकडे अमेरिकन का? ब्रिटिश, आयरिश, ऑस्ट्रेलियन बोलणंही कानावर येऊ द्या. पुढे गाठ कुणाशीही पडू शकते. आणि तुकड्यावर पार्श्वसंगीत चढवू नका. मूळ आवाज ऐकण्यासाठीच तर आम्ही आलेलो असतो.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. लोक तीन सेकंदांत कंटाळतात, व्हिडिओ सरकवतात. आधी दहा सेकंद नुसता प्रसंग दाखवला तर कोण थांबणार, असं तुम्ही म्हणाल. पण जरा विचार करा, लोक चित्रपट दोन-दोन तास बघतातच की. आई आणि मुलगी समोरासमोर बसल्या आहेत, हवेत ताण आहे, काहीतरी होणार असं वाटतंय, तेव्हा कोण सरकवतं? लोक सरकवतात ते तुमचं 'नमस्कार मित्रांनो, आजचा आपला शब्द आहे' सुरू झाल्यावर. ते काढा, दहा सेकंद तिथेच मिळतील.

शेवटची विनंती मात्र स्वार्थाची आहे. तुकडा कोणत्या चित्रपटातला, कितव्या मिनिटाला, एवढं खाली लिहीत जा. ज्यांनी तो चित्रपट घडवला त्यांच्याशी ती साधी सभ्यता आहेच, पण आवडलेला प्रसंग पुढे-मागे बघायची वाटही त्यामुळे मोकळी राहते. दार आपटणाऱ्या त्या मुलीचा चित्रपट मी दीड वर्ष शोधते आहे. तुमच्यापैकी दोघांनी तो प्रसंग वापरला आणि दोघांनीही नाव दिलं नाही. सोफा करडा आहे, मुलीच्या अंगात हिरवा स्वेटर आहे, आईच्या हातात किल्ल्यांचा जुडगा आहे. आईने तिला काय विचारलं होतं, ते दोन्ही व्हिडिओंत कापलेलं आहे.

कुणाला आठवत असेल तर कळवा.

आपली,
वही घेऊन बसलेली एक प्रेक्षक